एक्केचाळीस नंबरची टेस्ट ट्यूब

थोरलीला धाकटीचा पहिला हेवा वाटला तो तिच्या हातांचा.

लग्न होऊन आल्याच्या चौथ्या दिवशी धाकटीनं घरातले सगळे कप धुतले. एकाही कपाचा आवाज झाला नाही. सासूबाई दारातच उभ्या होत्या. थोरलीकडे वळून म्हणाल्या, "बघ, असंही धुता येतं." थोरली त्या घरात चौदा वर्षं कप धूत होती.

पण कपांचं सोडा. खरं दुखणं पुढे झालं, आणि ते थोरलीनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं.

थोरली औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत कामाला होती. तळमजल्यावर, अर्क काढायच्या खोलीत. बावीस वर्षं. समोर तिला सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'नाक'. सालीचं पोतं उघडलं की ती नुसत्या वासावरून सांगायची, ही साल बुंध्याची आहे, ही फांदीची, आणि ही कुणीतरी ओलीच भरली आहे. तिचं कधी चुकत नसे. संस्थेतून निघालेल्या प्रत्येक निबंधात तिचं नाव असे. शेवटच्या पानावर, आभारात, वीज विभागाच्या वर.

दिरानं गळ घातली. "वहिनी, एवढी रसायनशास्त्र शिकलेली बायको घरात बसवून काय करू? तुमच्या मॅडमना विचारा ना." थोरलीनं विचारलं. मॅडम संस्थेच्या प्रमुख होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरची आहे ना, मग बघायला नको." अशी धाकटी त्या खोलीत आली. थोरलीनं तिला पांढरा डगला दिला, स्वतःच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, आणि सॉल्व्हंटच्या बाटल्यांची झाकणं कशी लावायची ते दाखवलं. धाकटीला एकदाच दाखवावं लागलं. तेही थोरलीला आवडलं नाही.

खोलीत तेव्हा देवदाराचं काम चालू होतं. बऱ्या न होणाऱ्या जखमांतले काही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्यावर देवदाराच्या सालीतलं काहीतरी चालतं, असं वरच्या मजल्यावरच्या जंतूवाल्यांना आढळलं होतं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मध्ये अर्काचा थेंब ठेवायचा. थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ कडं उमटायचं. पण सालीत शेकडो गोष्टी असतात. राळ, मेण, टॅनिन, तऱ्हतऱ्हेची तेलं. त्यांतली नेमकी कोणती जंतू मारते, ते शोधायचं होतं.

ते शोधायची पद्धत जुनीच होती. साल दळायची, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, भिजवायची, सॉल्व्हंट उडवून द्यायचं. खाली काळा चिकट अर्क उरतो. उभ्या काचेच्या कॉलममध्ये पांढरी सिलिका भरायची, तिच्या डोक्यावर हा अर्क ठेवायचा आणि वरून सॉल्व्हंट ओतत राहायचं. एकेक गोष्ट आपापल्या चालीनं खाली उतरते. खाली एकामागून एक टेस्ट ट्यूब धरायच्या. वरचं सॉल्व्हंट संपू द्यायचं नाही. कॉलम कोरडा पडला की आठवड्याचं काम वाया. म्हणून थोरली दर दहा मिनिटांनी उठून काचेच्या चंबूतून सॉल्व्हंट ओतायची. वर्षानुवर्षं ती अशी उठत-बसत होती. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या होत्या.

धाकटीनं दुसऱ्याच महिन्यात सॉल्व्हंटची बाटली फडताळावर ठेवली. तिच्यातून एक मऊ, पारदर्शक प्लास्टिकचा पाइप काढला, मध्ये चिमटा लावला आणि पाइपाचं तोंड कॉलममध्ये सोडलं. सॉल्व्हंट आपोआप ठिबकू लागलं. धाकटी स्टुलावर बसून वहीत लिहू लागली.

मॅडम खाली आल्या. पाइपाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, हसल्या. "इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?"

"सुचलं होतं," थोरली म्हणाली. पण मॅडम तोवर पुढे गेल्या होत्या.

खोलीचे प्रमुख वर्षअखेर निवृत्त होणार होते. ती खुर्ची थोरलीला मिळणार, हे सगळे धरून चालले होते. मॅडम तसं बोललेल्याही होत्या. मग धाकटीच्या कॉलममधून एक्केचाळीस नंबरची टेस्ट ट्यूब उतरली.

तिच्यात बिनरंगी, जाडसर तेल होतं. एकदम स्वच्छ. जंतूवाल्यांनी त्याचा थेंब ठेवला. कडं उमटलं, बारीकसं, पण उमटलं. मॅडमनी नमुना दुसऱ्या शहरातल्या, रेणूची रचना सांगणाऱ्या मोठ्या यंत्राकडे पाठवला. तिकडून उत्तर यायला महिना लागणार होता. तोवर थांबतील तर त्या मॅडम कसल्या. तीन आठवड्यांनी सल्लागार मंडळाची वार्षिक बैठक होती. त्यांनी धाकटीला सांगितलं, "दहा मिनिटं तू बोलायचंस. देवदारातला नवा रेणू. निबंधावर पहिलं नाव तुझं." खुर्चीचं बोलणं त्यांनी थोरलीपाशी पुन्हा काढलं नाही.

घरी दिरानं पेढ्यांऐवजी केक आणला. सासूबाईंनी पहिला तुकडा धाकटीच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "आपल्या घरातलं कुणीतरी आता औषधाच्या बाटलीवर येणार." थोरलीनंही आपला तुकडा घेतला. तिनं तो पाण्याबरोबर ढकलला.

नवऱ्यानं खोलीत आल्यावर विचारलं, "तुझं काय बिनसलंय?"

"काही नाही."

"मग कपाट कशाला आपटतेस? त्यानं काय केलंय?"

थोरलीनं कपाटाचं दार हळू लावलं. ते पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. थोरली कामाच्या खोलीत एकटी होती. तिनं एक्केचाळीस नंबरची ट्यूब उचलली, बूच काढलं, नाकाशी धरलं.

देवदाराचा वास नव्हता. सालीतून आलेल्या प्रत्येक ट्यूबला थोडा तरी वास असतो, अगदी शेवटच्या फिक्या ट्यूबलासुद्धा. ह्याला काहीच नव्हता. थोरलीनं बूच लावलं आणि स्टुलावर बसली. ह्या तेलाला ती ओळखत होती.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिनं असंच तेल काढलं होतं. दुसऱ्या एका झाडाच्या पानांतून. बिनरंगी, जाडसर, स्वच्छ. तीन आठवडे ती जमिनीच्या वीतभर वरून चालत होती. मग भांडारातल्या म्हाताऱ्या काकांनी तिला सामान देण्याच्या निमित्तानं आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, "पोरी, हे झाडाचं नव्हे. हे पाइपाचं." प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घालतात. सॉल्व्हंट ते तेल धुऊन आणतं. कॉलममधून ते असं साळसूद उतरतं, जंतूंनाही किंचित मारतं, की शिकलेली माणसंही फसतात. काकांनी ते कुणाला सांगितलं नाही. तिनंही नाही. तिनं फक्त तो पाइप फेकला आणि काचेचा चंबू उचलला.

तरी खात्री हवी. थोरलीनं धाकटीच्या पाइपाचा बोटभर तुकडा कापला आणि तासभर सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवला. ना साल, ना अर्क. सॉल्व्हंट उडवून दिलं. तळाशी बिनरंगी थेंब उरला. सिलिकाचा थर दिलेल्या छोट्या प्लेटवर तिनं डावीकडे एक्केचाळीस नंबरचा ठिपका ठेवला, उजवीकडे पाइपाचा. प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी केली. ठिपके चढू लागले. अतिनील दिव्याखाली दोन्ही एकाच उंचीवर थांबलेले दिसले, जुळ्या भावांसारखे. मग तिनं रंग आणणाऱ्या रसायनाचा फवारा मारून प्लेट तापवली. देवदारातलं बहुतेक काहीही त्या फवाऱ्यानं जांभळं नाहीतर निळं होतं. हे दोन्ही कोरेच राहिले.

आपल्याला आनंद झाला आहे, हे थोरलीला उमगायला थोडा वेळ लागला. बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तिनं प्लेट पाकिटात घातली. पाकीट कपाटात, आपल्या कप्प्यात ठेवलं.

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं होतं. हे मी तिच्या बाजूनं सांगायला हवं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा सासूबाई डोळ्यांत औषध घालून पडल्या होत्या आणि धाकटी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. सासूबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "हिचा हात किती गार आहे गं. तुझा नेहमी तापलेला." थोरली कांदे चिरायला बसली. सांगायचं राहिलं.

मग रोजच राहत गेलं. धाकटी घरी आरशासमोर भाषणाची तयारी करायची. "देवदार हा सदाहरित, सूचिपर्णी वृक्ष." दीर टाळ्या वाजवायचा. थोरली भाजी निवडता निवडता ऐकायची. ती धाकटीला पाण्यात पाहत होती, आणि पाण्यात पाहताना माणूस दिसतो कसा, तर वेडावाकडा. धाकटीचं हसणं तिला मिरवणं वाटे, गप्प बसणं आढ्यता वाटे. धाकटी "ताई, तुम्ही बसा, मी करते" म्हणाली की थोरलीला वाटे, आता ही माझं स्टूलसुद्धा घेणार.

नवव्या दिवशी धाकटी प्लेट घेऊन तिच्यापाशी आली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"ह्याला फवाऱ्यानं रंगच येत नाही. तीनदा करून पाहिलं. देवदारातल्या बाकी सगळ्यांना येतो. ह्याला का येत नसेल?"

थोरलीनं प्लेट हातात घेतली. उजेडाकडे धरली. खरं तर बघायचं काही नव्हतंच. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती. नाकाकडे म्हणा. त्या खोलीत सगळे शेवटी त्या नाकाकडेच यायचे.

"काही काही गोष्टींना नाही येत," थोरली म्हणाली.

वाक्य खोटं नव्हतं. धाकटीचा चेहरा सैल झाला. "तुम्ही म्हणताय म्हणजे ठीक. माझ्या जिवाला घोर लागला होता."

बैठक सभागृहात होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, बाहेरून आलेले सात पाहुणे. त्यांच्यात एक रसायनवाले आजोबा होते, मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख. खोलीतली माणसं मागच्या रांगेत बसली. थोरलीच्या मांडीवर पाकीट होतं. ती स्वतःला सांगत होती, की मॅडमना बैठकीनंतर एकटं गाठू. मग पाकीट आत कशाला आणलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

धाकटी चांगली बोलली. कुठे अडखळली नाही. शेवटी म्हणाली, "हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्या माझ्या मोठ्या जाऊबाई इथे बसल्या आहेत." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मॅडमही कौतुकानं हसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहानं थोरलीकडे पाहिलं होतं, आणि तेही धाकटीनं दाखवलं म्हणून.

"काही प्रश्न?" मॅडमनी विचारलं.

थोरली उभी राहिली.

"हे देवदाराचं नाही," ती म्हणाली. "पाइपाचं आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, खोलीत एखाद्या नव्या माणसाला सांगावं तसं. पाकीट उघडून प्लेट टेबलावर ठेवली. मॅडम प्लेटकडे न बघता पेल्याकडे बघत होत्या.

आजोबांनी प्लेट उचलली. चष्मा कपाळावर नेला. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "लाजू नका. आमच्याकडे एकानं ह्याच तेलावर अख्खी पदवी मिळवली होती." दोघेतिघे हसले. आजोबा प्लेट आणखी जवळ घेऊन बघू लागले. त्या कामात प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख टाकायची असते. हात आपोआप टाकतो. श्वास घेतल्यासारखं.

"पण हे तर अठरा दिवसांपूर्वी केलंय," आजोबा सहज म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. जंतूवाल्यांनी मान वर केली. थोरली उभीच होती. खाली बसायचं असतं, हे तिच्या लक्षात येईना.

तिनं धाकटीकडे पाहिलं. आता ही सांगणार. मी नवव्या दिवशी विचारलं होतं, म्हणणार. थोरली वाट पाहत राहिली. त्या क्षणी तिला ते हवंच होतं. दोघी एकाच चिखलात आल्या असत्या.

"ताईंचं बरोबर आहे," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पाइप मी लावला. रंग येत नव्हता तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मला माझा नमुना परत घ्यायचा आहे."

एवढंच. आजोबांनी टाळी वाजवली. मग दुसऱ्या पाहुण्यानं. मग सगळ्यांनी. जिचं बरोबर होतं तिच्यासाठी नाही, जिचं चुकलं तिच्यासाठी. बाहेर चहाच्या टेबलापाशी चार जण धाकटीभोवती उभे होते. कुणी तिला बिस्कीट देत होतं, कुणी पाठीवर हात ठेवत होतं. थोरलीनं आपला कप आपणच भरला. पडली तरी लोकांनी हिलाच उचललं, असं तिला वाटलं, आणि तो हेवा आधीच्या सगळ्या हेव्यांहून कडू होता.

घरी जाताना बस रिकामी होती. दोघी शेजारी बसल्या, सवयीनं.

"मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" धाकटीनं विचारलं.

"होतं."

"बरं."



घरी धाकटी म्हणाली, प्रयोग फसला. त्यापुढे काही सांगितलं नाही. सासूबाईंनी थोरलीला विचारलं, "तू होतीस ना गं तिथे? एवढं नाक तुझं. तुला आधी कळलं नाही होय?" थोरली म्हणाली, "नाही कळलं." धाकटीनं ताटावरून नजर उचलली नाही. थोरलीच्या नवऱ्यानं मात्र उचलली. तो चौदा वर्षं तिला ओळखत होता.

खुर्ची थोरलीला मिळाली. मॅडमनी बोलावून कागद दिला. "काम तुमचं चोख आहे. त्याबद्दल दुमत नाही." 'काम' ह्या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. खोलीतली माणसं "अभिनंदन, बाई" म्हणाली आणि आपापल्या कॉलमकडे वळली. पूर्वी ती डबे उघडून तिच्याभोवती बसायची. आता खुर्ची कोपऱ्यात होती.

धाकटीनं पाइप फेकला, चंबू उचलला आणि देवदाराची नवी साल भिजवली. दर दहा मिनिटांनी ती उठायची. ओतायची. बसायची. एक थेंब सांडत नसे. थोरली खुर्चीवरून बघायची.

महिन्याभरात आजोबांच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. चूक कबूल करणारी माणसं आम्हाला हवी असतात, असं त्यात लिहिलं होतं. धाकटीला बोलावलं होतं. त्यांच्याकडे ते मोठं यंत्र होतं. देवदाराचं काम ती बरोबर नेऊ शकत होती. फक्त एक अट होती. आताच्या खोलीप्रमुखांनी तिच्या कामाबद्दल लिहून द्यायला हवं होतं.

कागद थोरलीच्या टेबलावर आला.

तिनं तो वाचला. तिला हसू आलं, पण ते हसू नव्हतं. जन्मभर ज्या प्रयोगशाळेचं नाव तिनं फक्त नमुन्यांच्या खोक्यांवर वाचलं होतं, तिथे ही जाणार. आणि तिला तिथे पोचवलं कुणी? त्या सभागृहात उभं राहून, स्वतःच्या हातानं?

सोपं होतं. 'खोलीला गरज आहे, सोडता येणार नाही,' एवढं लिहिलं की झालं. गरज होतीही. ते वाक्यही खोटं नसतं. थोरलीनं पेनाचं टोपण काढलं. समोर धाकटी चंबू घेऊन उभी होती. सॉल्व्हंट काचेच्या कडेनं उतरत होतं, आवाज न करता.

थोरलीनं लिहिलं: 'हात स्वच्छ आहे. नजर बारीक आहे. शंका आली की विचारते. शंका आली असताना तिला योग्य उत्तर मिळालं नाही, तो दोष तिचा नव्हे, माझा.' तिनं पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्द टोचत होता. पहिलं वाक्य तर सगळ्यात जास्त. तिनं खाली सही केली, तारीख टाकली, आणि जेवणाच्या सुट्टीची वाट न पाहता जिना चढून कागद मॅडमच्या हातात दिला.

जायच्या आदल्या दिवशी धाकटी कपाटातला कप्पा रिकामा करत होती. खोलीत दोघीच होत्या.

"मॅडमनी मला वाचून दाखवलं," धाकटी म्हणाली.

"वाचू नये खरं तर."

"शेवटचं लिहायची गरज नव्हती."

"तुला नसेल."

धाकटीनं डगल्याची घडी घातली. ती घडीसुद्धा सुरेख होती. थोरलीनं बघून घेतलं. मग तिनं इकडेतिकडे बघितल्यासारखं करून विचारलं,

"तिथे कामाच्या खोलीला खिडकी आहे का गं?"

त्यांच्या खोलीला नव्हती. नुसते वाफ ओढणारे पंखे होते.

"आहे."

"एकच ना?"

धाकटीनं डगला पिशवीत ठेवला. तिला खोटं बोलता आलं असतं.

"दोन आहेत, ताई."

"दोन," थोरली म्हणाली, आणि कपाटाचं दार लावायला उठली.